परत येण्याची अट

गेल्या वर्षी भाद्रपद संपता संपता माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. इतिहासात एम.ए. झाल्यावर ती जुन्या कागदपत्रांच्या जतनाच्या कामाला लागली आणि तिथेच रमली. मोडी दफ्तरांचे रुमाल सोडायचे, कसर लागलेली पानं एकमेकांपासून सुटी करायची, त्यांना पातळ कागदाचं अस्तर लावायचं, हे तिचं रोजचं काम. नोकरीला चार वर्षं झालेली. विकसनशील देशांतल्या तरुण व्यावसायिकांसाठी परदेशातल्या एका विद्यापीठाने वर्षभराची फेलोशिप ठेवली आहे, तिच्यासाठी तिला माझं शिफारसपत्र हवं होतं.

मजकूर ठरवण्यासाठी आम्ही दोघं अर्ज वाचत बसलो. शेवटी एक प्रश्न होता: परत गेल्यावर या शिक्षणाचा तुमच्या देशाला काय उपयोग होईल? ती हसली आणि म्हणाली, “सर, हा प्रश्न इंग्लंडच्या मुलाला विचारतात का हो?”

मी वेळ मारून नेणारं काहीतरी उत्तर दिलं. चहा झाला, ती गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला.

या प्रश्नाशी माझं जुनं वैर आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरुणपणी मलाही अशी एक संधी आली होती. मी ज्या संस्थेत शिकवत होतो तिने रजा द्यायचं कबूल केलं, पण बाँड लिहून मागितला: परत येऊन पाच वर्षं चाकरी करीन, न केल्यास रक्कम भरीन, आणि खाली दोन ऐपतदार जामीनदारांच्या सह्या. एक सही मामांनी केली. दुसरा ऐपतदार माणूस आमच्या गोतावळ्यात मुदतीपर्यंत मिळाला नाही. तारीख टळली आणि मी सातारा जिल्ह्यातच राहिलो. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात थोडा कडवटपणा दिसला तर वाचकांनी तेवढा वजा करून घ्यावा.

परदेशी शिक्षणाला ही परत येण्याची अट कधी आणि कशी चिकटली, याचा माग काढायला मी बसलो. अगदी पहिला प्रश्नकर्ता सापडेल अशी आशा नव्हतीच. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्यामागे कुठल्या विद्यापीठाची फेलोशिप नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंचा जिव्हाळा होता. पण आपण परत येणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांना निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून लोकांना सांगावं लागलं. तिथे अट परक्यांची नव्हती, घरच्यांची होती. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक केली, त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. दिलेला शब्द पाळला गेला. त्याचा उपयोग व्हायला मात्र वेळच उरला नव्हता.

शोधता शोधता मी ज्या सालापाशी थबकलो ते १९१७.

त्या वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाला लेव्ही बार्बर नावाच्या वकिलाने आशियातल्या स्त्रियांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देणगी दिली. बार्बर डेट्रॉइटचा. जन्म १८४०चा, शिक्षण याच विद्यापीठात, पुढे विद्यापीठाच्या नियामक मंडळावर रीजंट. शहरातलं बेल आइल नावाचं बेट सार्वजनिक उद्यानासाठी विकत घ्यावं म्हणून झटणाऱ्यांपैकी तो एक होता. आपल्याकडे अशा माणसाला नगरशेठ म्हटलं असतं. अ‍ॅन आर्बरला मुलींसाठी व्यायामशाळा त्याच्या देणगीतून झाली. मुलींच्या वसतिगृहाला त्याने आपल्या आईचं नाव दिलं, ते बेट्सी बार्बर हाउस आजही आहे. मिशिगनने मुलींना प्रवेश दिला तो १८७०मध्ये, म्हणजे तशी ती जुनी वाट होती.

आशियाच्या प्रवासात बार्बरला आपल्याच विद्यापीठात शिकून गेलेल्या काही डॉक्टर स्त्रिया भेटल्या. चीनच्या शी मेयू आणि कांग चेंग या दोघी १८९६ साली मिशिगनहून वैद्यकाची पदवी घेऊन मायदेशी परतल्या होत्या. गर्ट्रूड हाउ या मिशनरी बाईंनी त्यांना शिकवून तिकडे नेलं होतं. परतल्यावर यांगत्से नदीकाठच्या ज्यूज्यांग गावी त्यांनी बायकांवर उपचार सुरू केले. जपानची तोमो इनोउए हीदेखील मिशिगनचीच डॉक्टर, १९०१ची. या स्त्रियांचं काम बघून म्हातारा भारावला. त्याच्या मनात जे आलं ते साधं होतं: पूर्वेकडच्या मुलींनी इथे यावं, पाश्चात्त्य शिक्षण घ्यावं, त्यात त्यांना जे चांगलं वाटेल तेवढं उचलावं आणि आपल्या लोकांमध्ये नेऊन रुजवावं.

‘त्यांना जे चांगलं वाटेल तेवढं’ यावर मी बराच वेळ अडखळलो. त्या काळातले धर्मादाय लोक काय चांगलं ते बहुधा आधीच ठरवून ठेवत. बार्बरने ती निवड मुलींवर सोडली. कडवटपणा बाजूला ठेवून एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मात्र ही देणगी ज्या वर्षीची, त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून एक कायदा मंजूर केला होता. त्याने आशियाचा एक अवाढव्य पट्टा आखला आणि तिथल्या लोकांना अमेरिकेत स्थलांतराची बंदी केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. चीनसाठी वेगळी तरतूद करायची गरज नव्हती, तिथल्या मजुरांना १८८२पासूनच दार बंद होतं. जपानशी समझोता झालेला होता. या १९१७च्या कायद्यात काही लोकांना सूट होती, आणि ती यादी वाचण्यासारखी आहे: सरकारी अधिकारी, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी, हौसेचे प्रवासी. मजूर नको, शेतकरी नको. शिकलेला माणूस चालेल. आज ज्यांना आपण ‘तरुण व्यावसायिक’ म्हणतो त्यांची ही जवळजवळ पूर्ण यादी आहे.

सहा वर्षांनी, १९२३च्या फेब्रुवारीत, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही असा निकाल दिला. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळे, त्यामुळे हिंदुस्थानी माणसाच्या नागरिकत्वाचा प्रश्नच मिटला. थिंद तर अमेरिकेच्या सैन्यात राहिलेला माणूस. पुढच्याच वर्षी, १९२४मध्ये, आणखी कडक कायदा आला. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला स्थलांतरही करता येणार नाही, असं त्याचं सूत्र. विद्यार्थी तेवढे आत येऊ शकत, पण शिक्षणापुरतेच.

म्हणजे बार्बरने ज्या मुलींना ‘परत जाऊन आपल्या लोकांची सेवा करा’ असं प्रेमाने सांगितलं, त्यांनाच अमेरिकेचा कायदा ‘परत जा’ म्हणत होता. एका तोंडून ती सदिच्छा होती आणि दुसऱ्या तोंडून हुकूम. बार्बरला हा मेळ ठाऊक होता का? तो वकील होता, कायदा त्याला समजत नसेल असं कसं म्हणावं? तरीही मला वाटतं, दार लावणाऱ्यांच्या घोळक्यात एका माणसाने फट धरून ठेवली होती. मात्र ज्या फटीतून आत यायचं तिच्यातूनच परतही जायचं, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं.

याच फटीतून १९२४ साली एक मल्याळी मुलगी आत गेली. मुलगी कसली, सत्तावीस वर्षांची प्राध्यापिका होती ती. एडवलेथ कक्काट जानकी अम्माळ, जन्म १८९७, तलश्शेरी. घर तिय्या समाजातलं, सुशिक्षित. पण त्या वेळच्या मलबारात तिय्यांना सवर्ण कुठे बरोबरीने वागवत होते? मद्रासला क्वीन मेरीज आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून जानकी विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या. घरातल्या बहिणींची लग्नं जुळत होती. जानकींनी बार्बर शिष्यवृत्ती घेतली.

न्यूयॉर्क बंदरात कागदपत्रांची शहानिशा होईपर्यंत त्यांना एलिस बेटावर थांबवून ठेवलं होतं, अशी हकीकत त्यांच्याबद्दल सांगतात. लांब काळे केस, अंगावर रेशमी साडी. अधिकाऱ्यांना वाटलं ही कुणी हिंदुस्थानची राजकन्या असावी. तसं त्यांनी विचारलं, आणि बाईंनी नाही म्हटलं नाही. मला ही गोष्ट फार आवडते. प्रोफेसरला अडवणाऱ्या दारातून राजकन्या सहज सुटत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

मिशिगनला त्या मार्था कुक या मुलींच्या वसतिगृहात राहिल्या. पदव्युत्तर पदवी घेऊन मद्रासला परतल्या, शिकवू लागल्या. मग पुन्हा बार्बर फेलो म्हणून गेल्या आणि हार्ली हॅरिस बार्टलेट यांच्या विभागातून १९३१मध्ये डॉक्टरेट मिळवली. विषय वनस्पतींची गुणसूत्रं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले ते इवलेसे दोरे मोजायचे आणि त्यावरून झाडाचं गोत्र सांगायचं, असं ते शास्त्र. कागद बघून घराण्याची वंशावळ जुळवणाऱ्या आम्हा इतिहासवाल्यांना ते परकं वाटू नये.

शब्द दिल्याप्रमाणे त्या परतल्या. त्रिवेंद्रमला काही काळ शिकवून १९३४मध्ये कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत रुजू झाल्या. आपल्याकडच्या उसाच्या कहाणीत या संस्थेचं नाव पदोपदी येतं. कोल्हापूर-साताऱ्याच्या शेतकऱ्याने एके काळी ज्या ‘को-७४०’ उसावर घर बांधलं, मुलीचं लग्न केलं, त्यातला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तो वाण जानकीबाईंचा नव्हे, पुढच्या काळातला आहे. पण जाड रसाळ ऊस आणि रानटी काटक ऊस यांचा संकर करण्याची तिथली जी विद्या होती, तिच्या मुळाशी असलेल्या रानउसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास त्यांनी केला. उसाचा संकर त्यांनी मक्याशी आणि इतर गवतांशी करून पाहिला. १९३५मध्ये सी. व्ही. रामन यांच्या नव्या विज्ञान अकादमीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. याच रामन यांनी दोनच वर्षांपूर्वी आमच्या कमला भागवतांना, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींना, केवळ बाई म्हणून बंगळूरच्या संस्थेत प्रवेश नाकारला होता, आणि तो त्यांनी हट्टाने मिळवला होता. मोठ्या माणसांचं गणित असं एकाच ओळीत सुटत नाही.

कोइमतूरला जानकीबाई सुखात नव्हत्या. अविवाहित, एकट्या, मागास समजल्या जाणाऱ्या जातीतल्या, आणि वरून परदेशी डॉक्टरेट. पुरुष सहकाऱ्यांना ते पचणं कठीण होतं. १९३९च्या ऑगस्टमध्ये त्या एडिंबरोच्या आनुवंशशास्त्र परिषदेला गेल्या, युद्ध पेटलं आणि त्या तिकडेच राहिल्या. लंडनच्या जॉन इनेस संस्थेत पाच वर्षं, सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत १९४५मध्ये लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश. मग विस्लीच्या प्रसिद्ध बागेत १९५१पर्यंत. तिथे मॅग्नोलियाच्या एका प्रकाराला त्यांचं नाव आहे.

आता अर्जातला तो प्रश्न त्यांना लावून पाहा. १९३१मध्ये त्या परतल्या, उत्तर बरोबर. १९४०मध्ये त्या लंडनमध्ये, बाँबच्या छायेत गुणसूत्रं मोजताहेत, उत्तर चूक? १९५१मध्ये नेहरूंनी बोलावलं, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी पुन्हा बसवण्यासाठी त्या आल्या, पुन्हा बरोबर? १९५५मध्ये मानवाने पृथ्वीचं रूप कसं बदललं यावर प्रिन्स्टनला जी गाजलेली परिषद भरली तिला त्या गेल्या आणि भारताच्या निर्वाहशेतीवर बोलल्या. म्हातारपणी केरळच्या सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवायला उभ्या राहिल्या. १९८४मध्ये वारल्या. माझ्या मते त्यांच्या देशाला झालेल्या उपयोगाचा हिशेब जाण्या-येण्याच्या तारखांवरून मांडताच येत नाही.

दुसरी एक बार्बर विद्यार्थिनी वू यीफांग. १९२८मध्ये मिशिगनहून जीवशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन ती चीनला परतली आणि नानजिंगच्या जिनलिंग महिला महाविद्यालयाची प्रमुख झाली. जून १९४५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर ज्या चार स्त्रियांनी सह्या केल्या त्यांत तिची एक आहे. ज्या देशाने तिला फक्त विद्यार्थिनी म्हणून आत घेतलं होतं, तिथे ती आपल्या देशाची प्रतिनिधी म्हणून सही करायला आली.

आता त्याच १९१७च्या दुसऱ्या टोकाला यावं लागेल, आणि ते टोक आपल्या घरातलं आहे.

जून १९१३मध्ये बडोद्यात बाबासाहेब आंबेडकरांनी एका करारावर सही केली. सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती, महिना साडेअकरा पौंडांची. बदल्यात परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी. तीन वर्षांच्या शिक्षणाला दहा वर्षांची चाकरी! तरीही त्या काळात, त्या समाजातल्या तरुणाला कोलंबियाला पाठवण्याची बुद्धी दुसऱ्या किती संस्थानिकांना झाली, हे विचारलं की सयाजीरावांचं मोठेपण कळतं. करारात खोट नव्हती.

१९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून बाबासाहेब परतले आणि सप्टेंबरात करारानुसार बडोद्याला हजर झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी मिळाली. राहायला जागा मिळाली नाही. हिंदू हॉटेलात प्रवेश नव्हता. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया देऊन ते वरच्या मजल्यावर एकटे राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दाराशी आले. कुठल्याही मित्राच्या घरी सोय झाली नाही. कामाठीबागेत पाच तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. पुढे त्यांनी हा प्रसंग ज्या आठवणींत लिहिला त्यांचं इंग्रजी नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असं आहे.

व्हिसाची वाट पाहणं. न्यूयॉर्कच्या विद्यापीठात चार वर्षांपूर्वी ज्याला आत जाता आलं, त्याला बडोद्यात, ज्या सरकारने पाठवलं त्याच सरकारच्या राजधानीत, प्रवेश नव्हता. जानकीबाईंना एलिस बेटावर थांबावं लागलं. बाबासाहेबांचं एलिस बेट बडोद्यात होतं. परत येण्याची अट घालणाऱ्यांना एक गोष्ट कधीच सुचलेली दिसत नाही: तो परत आला तर त्याला ठेवणार कुठे, ही अट आपल्यावरही घालून घ्यावी. करारावर सही एकाची असते. राज्याने दहा वर्षांची नोकरी देऊ केली. छप्पर देणं करारात नव्हतं, कारण ते लिहायला लागेल हे कुणाच्या मनातही आलं नसेल.

पुढचा इतिहास तसा ओळखीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा योजनांचा सुकाळ झाला. १९५०मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला, त्याच सुमाराला राष्ट्रकुलाची कोलंबो योजना आली. १९५०च्या दशकातच हार्वर्डने विकसनशील देशांतल्या सरकारी अधिकाऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, तो आज अर्थतज्ज्ञ एडवर्ड मेसन यांच्या नावाने ओळखला जातो. १९७८मध्ये ह्युबर्ट हम्फ्रींच्या नावाची, पदवीविनाची फेलोशिप निघाली. शीतयुद्धाचं राजकारण या सगळ्यामागे होतंच. १९५६मध्ये अमेरिकेने कायदा करून अशा पाहुण्यांना मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय तिथे स्थायिक होण्याची मुभा नाही, असं ठरवलं. बार्बरची सदिच्छा आणि १९२४चा हुकूम, दोन्ही आता एकाच कलमात येऊन बसले.

आणि आपण? ‘ब्रेन ड्रेन’ म्हणून आपणही गळा काढला, बाँड लिहून घेतले, जामीनदार मागितले. कोरे बाँड टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या आमच्या संस्थेला देशाची काळजी किती होती आणि रिकाम्या पदाची किती, याचा उलगडा मला कधी झाला नाही. हे वाक्य कडवटपणापोटी आलं. पण खोटं नाही, म्हणून खोडत नाही.

बार्बर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. पूर्व म्हणजे तुर्कस्तानपासून जपान-फिलिपिन्सपर्यंत, अशी तिची जुनी व्याप्ती अजून सांगितली जाते.

दिवाळीच्या आधी विद्यार्थिनी पुन्हा आली. मधल्या काळात मी जमवलेलं हे सगळं तिला सांगितलं. बडोद्याची हकीकत तिला माहीत होती, जानकीबाईंची नव्हती. राजकन्येच्या गोष्टीवर ती मनापासून हसली.

“मग त्या रकान्यात काय लिहिलंस?” मी विचारलं.

तिने फोन पुढे केला. परत येईन असं तिने लिहिलं होतं, पण देशाचं नाव फक्त एकदा आलं होतं. बाकी सगळी यादी होती: तिच्या कचेरीत किती रुमाल अजून सोडायचे राहिलेत, त्यातल्या कितींना बुरशी आहे, कितींची शाई कागद खात चालली आहे, आणि कुठल्या रसायनाचं काम तिथल्या प्रयोगशाळेत शिकता येईल. शेवटी तिने उलट प्रश्न विचारला होता: मी परत आल्यावर तुमची प्रयोगशाळा आमच्याशी काम चालू ठेवेल का?

“हे चालेल ना, सर? उद्धटपणा नाही ना वाटत?”

“अगं, राहू दे,” मी म्हटलं.

शिफारसपत्र तयार होतं. मी सही केली, तारीख घातली आणि सवयीने आणखी कुठे सही करायची आहे का ते पाहिलं. जामीनदाराचा रकाना त्या अर्जात नव्हता.